कळ पेठेत, कॅथलॅब शहरात

पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्राने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचललं जाऊन पिंपरी-चिंचवड शहराला मिळतं. पवन मावळातला गंभीर आजारी माणूसही त्याच दिशेने जातो. तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याला, धरणाच्या काठाशी वसलेली तिकोणा पेठ सोडली की पवनानगर, मग वीसेक किलोमीटरवरचं कामशेत, तिथून जुना मुंबई-पुणे महामार्ग, कान्हे फाटा, वडगाव, तळेगाव आणि त्याच्याही पुढे निगडी-चिंचवड. तापखोकल्याला भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. कान्हे फाट्याला सरकारी रुग्णालय आहे. तळेगावात मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचं डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आहे. पण डॉक्टरांच्या तोंडून ‘सीटी’, ‘एमआरआय’ किंवा ‘अँजिओ’ हा शब्द निघाला की गाडी महामार्गाला लागते आणि घरात पैशांची जुळवाजुळव सुरू होते.

एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय आणि त्यांत दिसणाऱ्या चित्राच्या आधाराने सुई, तार, नळी घालून करायचे उपचार, या सगळ्या क्षेत्रात सध्या मोठे वाद चालू आहेत. स्टेंट कुणाला घालावा आणि कुणाला नाही, कंबरदुखीत मणक्यात इंजेक्शन द्यावं का, हातात मावणारं सोनोग्राफी यंत्र गावात जाऊ द्यावं का, फिल्म माणसाने वाचावी की संगणकाने. हे वाद परिषदांत आणि नियतकालिकांत होतात तेव्हा समोर सुसज्ज रुग्णालय गृहीत धरलेलं असतं. तिकोणा पेठेतून पाहिलं तर त्यांचा अर्थ बदलतो. जिथे मिनिटं मोजायची असतात तिथे मावळातल्या माणसापर्यंत तपासणी पोचत नाही, आणि जिथे दीड महिना थांबलं तरी बिघडत नाही तिथे ती सर्वांत आधी हजर होते. या लेखात मला एवढंच दाखवायचं आहे.

रात्रीचे दोन तास

समजा, जुलैतल्या एका रात्री पेठेतल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या छातीत कळ आली. घाम फुटला, डावा हात जड झाला. बहुतेक घरांत पहिला विचार पित्ताचा होतो. सोडा, ओवा, पाठीला शेक यांत अर्धा-पाऊण तास जातो. मग कुणीतरी १०८ लावतं किंवा शेजारची जीप काढतं. ही १०८ सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका घेऊन. त्यांतल्या २३३ अतिदक्षतेच्या साधनांसह होत्या. पाऊस, अंधार, वळणं. शनिवार-रविवार असेल तर धरणाकाठच्या तंबूंकडे आलेल्या गाड्यांची गर्दी वेगळीच. कामशेत गाठून, महामार्गाने पुढे जाऊन, कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या रोहिण्यांत नळी घालून तपासणी आणि उपचार करायची खोली, असलेल्या रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत कळ सुरू झाल्यापासून दोन तास सहज होतात. तिथे डॉक्टर आणि तंत्रज्ञ गोळा व्हायला लागणारा वेळ त्यानंतरचा.

हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी गुठळीने पूर्ण बंद झाली की तिच्यापुढचा स्नायू मरू लागतो. रक्त पुन्हा सुरू करण्याचे मार्ग दोन. एक, मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून अँजिओप्लास्टी करायची, म्हणजे फुग्याने अडथळा सारून तिथे स्टेंट बसवायचा. लोक त्याला ‘स्प्रिंग टाकली’ म्हणतात. दुसरा, गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून द्यायचं. अँजिओप्लास्टी वेळेत झाली तर ती अधिक चांगली, यावर वाद नाही. वाद ‘वेळेत’ या शब्दावर आहे. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांत तार रोहिणीतून पार जाणार नसेल तर वाट पाहू नका. निदानापासून १० मिनिटांत विरघळवणारं औषध सुरू करा आणि मग रुग्णाला पुढे पाठवा.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ या चाचणीत तासाभरात अँजिओप्लास्टी मिळू न शकणाऱ्या १,८९२ रुग्णांचा अभ्यास होता. कळ सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत आलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना टेनेक्टेप्लेज हे औषध देऊन पुढे नेलं, निम्म्यांना थेट अँजिओप्लास्टीला. महिन्याभरानंतर मृत्यू, शॉक, हृदय निकामी होणं, पुन्हा झटका या सगळ्यांत दोन्ही गट जवळजवळ सारखे निघाले. औषधाच्या गटात मेंदूत रक्तस्राव थोडा अधिक झाला, शंभरात एकाच्या आसपास. पंचाहत्तरीच्या पुढच्यांचा डोस निम्मा केल्यावर तो धोकाही घटला. आणि औषध मिळालेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाहून थोड्या अधिक लोकांना तातडीने अँजिओग्राफी लागलीच. म्हणजे औषध दिलं की शहरात जायचं टळत नाही. वाटेतला वेळ तेवढा वाया जात नाही.

हे टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकाच इंजेक्शनात देता येतं, ठिबक लावून बसावं लागत नाही. ते भारतात बनतं, आणि बनवणाऱ्या जेनोव्हा कंपनीचा मुक्काम हिंजवडीत आहे, पवन मावळाच्या डोंगरांपलीकडे, मुळशीच्या बाजूला. औषध इतक्या जवळ तयार होत असताना पेठेतल्या माणसाला ते महामार्गावर पोचेपर्यंत मिळू नये, हे मला सहन होत नाही. अडचण औषधाची नाही. अडचण आहे रात्री ईसीजी काढून तो वाचणाऱ्या माणसाची आणि सुई टोचण्याच्या धैर्याची. या औषधाने रक्तस्राव होऊ शकतो. नुकतंच ऑपरेशन झालेल्याला, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्याला ते देता येत नाही. एकट्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातून पेशंट दगावला तर नातेवाइकांचा जमाव त्याच्यावर येतो. त्यामुळे ‘पुढे न्या’ हे त्याला सर्वांत सुरक्षित वाक्य वाटतं. ते पेशंटसाठी सुरक्षित असतंच असं नाही.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०२१ मध्ये काही जिल्ह्यांत ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्प सुरू केला तो याच दुखण्यावर. लहान केंद्रात ईसीजी काढायचा, तो दूरवरच्या तज्ज्ञाकडे जायचा, काही मिनिटांत उत्तर यायचं, आणि तिथल्या डॉक्टरने एकट्याने निर्णय घेण्याची वेळ टळायची. रचना बरोबर आहे. ती दिवसाच्या बाह्यरुग्ण विभागापुरती न राहता रात्री दोन वाजता पवन मावळात चालली पाहिजे.

दुखत नसलेली नस

हृदयाच्या झटक्यात स्टेंट जीव वाचवतो. पण स्टेंट घातलेल्यांत असेही पुष्कळ असतात ज्यांना झटका आलेला नसतो. चढ चढताना छाती भरून येते, थांबलं की उतरते. किंवा तेही नसतं, आरोग्य शिबिरात ट्रेडमिलची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येते, अँजिओ होते आणि ‘सत्तर टक्के ब्लॉकेज’ हे शब्द घरात येतात. त्या आकड्याने माणूस खचतो. ‘टाइम बॉम्ब घेऊन फिरताय’ असं सांगणारेही भेटतात, आणि मग टेबलावर असतानाच सही मागितली जाते.

हा उपचार मुळात चित्रं घेणाऱ्यांच्या खोलीत जन्मला. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने एका ८२ वर्षांच्या बाईंच्या पायाची बंद होत आलेली रोहिणी नळीने रुंद केली आणि कापायला निघालेला पाय वाचवला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिगने हृदयाच्या रोहिणीत पहिल्यांदा फुगा फुगवला. अडथळा दिसतो, तो काढला, पुन्हा चित्र घेतलं, वाट मोकळी दिसते. डोळ्यांना पटणारा असा दुसरा उपचार नाही. म्हणूनच खोट्या उपचाराशी तुलना करून त्याची परीक्षा घ्यायला चाळीस वर्षं लागली.

२०१७ मध्ये लंडनच्या रशा अल-लामी, डॅरेल फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० रुग्ण घेतले. सगळ्यांना कॅथलॅबमध्ये नेलं, गुंगी दिली, कानांवर हेडफोन चढवले. निम्म्यांना स्टेंट घातला, निम्म्यांना घातलाच नाही. कुणाला काय झालं ते रुग्णांना सांगितलं नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन्ही गटांत ठाम म्हणावा असा फरक नव्हता. हे सगळे आधीच पुरेशी औषधं घेत होते. मग २०२३ च्या ‘ऑर्बिटा-२’ मध्ये छातीच्या दुखण्यावरची औषधं बंद करून ३०१ रुग्णांवर तसाच प्रयोग झाला, आणि तिथे स्टेंटने दुखणं खरोखर कमी केलं. त्याआधी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते; भारतातलेही होते. झटका न आलेल्या, पण रक्तपुरवठा चांगलाच कमी असलेल्या या लोकांत आधी औषधं देऊन पाहणं आणि सुरुवातीलाच अँजिओ करून स्टेंट किंवा बायपास करणं यांत मृत्यू किंवा झटक्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. त्रास ज्यांना जास्त होता त्यांना स्टेंटने आराम अधिक मिळाला. डाव्या मुख्य रोहिणीतला अडथळा, खूप अशक्त झालेलं हृदय, नुकताच आलेला झटका, असे रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यांचा विचार वेगळा.

हे निष्कर्ष मला स्टेंटच्या विरोधातले वाटत नाहीत. औषधं घेऊनही जिना चढवत नसेल तर स्टेंट घ्यावा. पण ‘घातला नाही तर मरशील’ ही भीती झटका न आलेल्या, स्थिर त्रासाच्या बहुतेकांना घालता येत नाही, एवढं आता पक्कं आहे. वयस्कर बापाला घेऊन आलेल्या मुलाला हे कुणीतरी मराठीत, बसवून, सांगायला हवं.

पैशाची बाजूही पाहावी लागते. फेब्रुवारी २०१७ पर्यंत औषधलिप्त स्टेंटचे लाखाच्या वर पैसे लावले जात. राष्ट्रीय औषध दर नियंत्रण प्राधिकरणाने किंमत बांधली: औषधलिप्त स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०. गरिबासाठी तो मोठाच दिलासा होता. राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना, आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, अँजिओप्लास्टीचा खर्च उचलते. पण ती रुग्णालयात भरती झाल्यावर कामी येते. वर्षानुवर्षं रोज घ्यायच्या गोळ्या, दर काही महिन्यांनी तपासायचं रक्त, यांचा खर्च घरचाच, सरकारी केंद्रात गोळ्या असल्या तर नशीब. स्प्रिंग फुकट आणि गोळी विकत, अशी व्यवस्था असेल तर गरीब माणूस कोणती निवड करणार? इस्केमियाचा धडा मान्य करायचा तर ही योजना बाह्यरुग्णाच्या गोळ्यांपर्यंत आली पाहिजे.

लावणीची कंबर

मावळ म्हणजे भात. इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा. जुलैत खाचरं भरली की सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत कमरेत वाकून, चिखलात पाय रोवून बाया लावणी करतात. कंबर धरलेली बाई त्या दिवसांत पवन मावळातल्या कुठल्याही घरात भेटेल. बहुतेकींचं दुखणं चार-सहा आठवड्यांत बरंच उतरतं. पण उतरलं नाही, किंवा उतरायची वाट पाहिली नाही, तर आधी ‘फोटो’ निघतो, मग एमआरआय. अहवालात झिजलेल्या आणि फुगलेल्या चकत्यांची यादी असते, घरी येताना तिचं ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’ असं होतं, आणि ती बाई त्यानंतर कळशी उचलायलाही घाबरते.

२०१५ साली एका आढाव्यात ३३ अभ्यास एकत्र केले गेले. त्यांत ३,११० लोक होते, आणि त्यांतल्या एकाचीही पाठ दुखत नव्हती. तरीही त्यांच्या चित्रांत विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. फुगलेली चकती विशीतल्या ३० टक्क्यांत होती, पन्नाशीतल्या ६० टक्क्यांत. पन्नाशीच्या बाईचा एमआरआय काढला की काहीतरी दिसणारच. ते दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. केस पिकावेत तशी चकती पिकते. जगभरच्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सांगतात की धोक्याची खूण नसेल तर सुरुवातीला चित्र काढू नका. खुणा कोणत्या तेही सांगितलं पाहिजे: पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा, ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वीचा कर्करोग, पडल्याने लागलेला मार. यांतलं काही असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं, तिथे उशीर नको.

मग न लागणारे एमआरआय इतके का निघतात? एक कारण महाराष्ट्राला एका प्रामाणिक डॉक्टराने चेकसकट दाखवलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे विंचूदंशावरच्या प्राझोसिनच्या उपचाराने जगभर माहीत झालेले वैद्य. कोकणातल्या साध्या आरोग्य केंद्रात, पेशंटच्या खाटेशेजारी रात्र रात्र बसून त्यांनी ते काम उभं केलं, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१३ मध्ये त्यांना एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला, त्यांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवलं होतं म्हणून. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. पेशंट पाठवल्याबद्दल मिळणारा हा ‘कट’ सगळ्यांना माहीत होता. लेखी तक्रार करून नाव पुढे करणारे फार थोडे. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेशी जोडलेल्या डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून व्यवसायातले हेच व्यवहार नोंदवले. गद्रे यांचं ‘कैफियत’ मराठी वाचकांना ठाऊक आहे. २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. तो कायदा झालेला नाही. झाला पाहिजे.

चित्रानंतर सुई येते. मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, नस जाळण्याचा उपचार, असे प्रकार आता तालुक्याच्या गावांपर्यंत आले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने आंतरराष्ट्रीय गटाची शिफारस छापली: तीन महिन्यांहून जुन्या मणक्याच्या दुखण्यात असे १३ प्रचलित उपचार करू नयेत, कारण खोट्या उपचाराच्या तुलनेत त्यांचा फायदा दिसत नाही. वेदनातज्ज्ञांच्या संघटना खवळल्या. त्यांचं म्हणणं असं की वेगवेगळी दुखणी एकाच टोपलीत घातली, आणि योग्य निवडलेल्या रुग्णाला सुई आराम देते. त्या म्हणण्यात तथ्य आहे. पायात उतरणाऱ्या ताज्या कळेचा विचार निराळाच करावा लागतो. पण योग्य निवड करायला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ लावणीच्या बाईला बाह्यरुग्ण विभागात मिळत नाही. म्हातारपणात पिचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचारावर २००९ मध्ये दोन चाचण्या निघाल्या. दोन्हींत खोट्या उपचाराने तितकाच आराम दिला. इतकी वर्षं झाली तरी तो वाद मिटलेला नाही.

बांधलेलं यंत्र

सोनोग्राफीची गोष्ट याच्या उलट आहे, आणि तिच्यात महाराष्ट्राचा इतिहास गुंतलेला आहे. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. तो कागदावरच राहिला म्हणून सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातल्या संस्था व डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ पासून अंमलबजावणीचे आदेश निघू लागले. तरीही सहा वर्षांखालच्या मुलींचं हजार मुलग्यांमागचं प्रमाण राज्यात २००१ च्या ९१३ वरून २०११ ला ८९४ वर आलं. बीड जिल्ह्यात ८०७. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी, पुढे ९१व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले लक्ष्मीकांत देशमुख, यांनी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवायला लावला. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने आव्हान दिलं आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश योग्य ठरवला. २०१२ च्या नियमांनी हलवता येणारं यंत्र नोंदणीकृत जागेत किंवा सर्व सोयींच्या फिरत्या आरोग्य पथकातच वापरायची मुभा ठेवली.

ही बंधनं लेकींच्या जिवासाठी आली. ती सैल करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्म एफमधल्या चुका निव्वळ कारकुनी म्हणून सोडून द्याव्यात ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मागणी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, ते बरोबर झालं.

पण पेठेतल्या किंवा धरणापलीकडच्या वस्तीतल्या गरोदर बाईला किंमत मोजावी लागते तीही दिसली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून म्हणते की चोविसाव्या आठवड्याच्या आत प्रत्येकीची एक तरी सोनोग्राफी व्हावी. दिवस किती गेले हे नक्की कळलं तरच बाळ अपुऱ्या दिवसांचं की वाढ खुंटलेलं ते ठरतं. वार खाली असेल तर बाळंतपण कुठे करायचं ते आधी ठरवता येतं. गर्भात गंभीर व्यंग असेल तर २०२१ च्या सुधारित गर्भपात कायद्याने दिलेले पर्याय वेळेत हाती राहतात. यासाठी तिला एक मजुरी बुडवून, गाडीभाडं भरून महामार्गापर्यंत यावं लागतं. आशाताई पाठीशी लागतात म्हणून बऱ्याच जणी येतात. सगळ्याच येत नाहीत. आणि कायदा गर्भ दाखवू शकणाऱ्या प्रत्येक यंत्राला लागू असल्याने धाप लागलेल्याच्या फुप्फुसातलं पाणी किंवा अपघातग्रस्ताच्या पोटातला रक्तस्राव पाहायला तेच यंत्र गाडीत घेऊन फिरणंही अवघड होतं.

इथे एक वाट मला दिसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, झांबिया आणि अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात अप्रशिक्षित हाताने पोटावरून ठरावीक रेषांत यंत्र फिरवलं आणि संगणकाने गर्भाचं वय तज्ज्ञाच्या जवळपास अचूक सांगितलं. असं यंत्र ज्याच्या पडद्यावर चित्र उमटतच नाही, साठवतही नाही, फक्त आठवडे, वारेची जागा आणि बाळाच्या ठोक्यांची माहिती येते, ते कायद्याच्या हेतूला धक्का न लावता उपकेंद्रात ठेवता येईल का? त्यासाठी नियमांत बदल लागेल, कुलूपबंद सॉफ्टवेअरची कडक तपासणी लागेल, आणि तो बदल स्त्री संघटनांना टेबलावर बसवून करावा लागेल. कंपन्यांच्या आग्रहाने झाला तर घात होईल.

वाचणारा कोण

चिंचवडच्या कृष्णा डायग्नोस्टिक्सच्या केंद्रात दूरदूरच्या राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांचे स्कॅन वाचले जातात. पुण्यात डॉ. अमित खरात आणि अजित पाटील यांनी उभी केलेली डीपटेक, मुंबईत २०१६ ला सुरू झालेली क्युअर एआय, या कंपन्यांची प्रणाली छातीचा एक्स-रे काही सेकंदांत वाचते. क्षयरोग शोधायला पंधरा वर्षांवरच्यांत अशी प्रणाली वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, आणि हातात धरायची एक्स-रे यंत्रं आता देशभरच्या क्षयरोग मोहिमांत गावोगाव जात आहेत. २०१६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले होते की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवा. तसं काही झालं नाही. ज्या गावात फिल्म वाचणारा कधी नव्हताच तिथे कुणाची जागा जाणार हा प्रश्नच येत नाही. तिथे प्रश्न पुढचा असतो: यंत्राने ‘संशयित’ म्हटलं, मग? जुन्या बऱ्या झालेल्या क्षयाचे वणही संशयित दिसतात. बेडका तपासूनच खरं काय ते कळतं. त्यासाठीचं ट्रूनॅट यंत्र गोव्यातल्या मोलबायोने केलं आहे, बॅटरीवर चालतं, लहान केंद्रात बसतं. एक्स-रे गावात आणि बेडक्याची तपासणी तालुक्याला असेल तर मधल्या रस्त्यात पेशंट गळतो.

यंत्राशिवायही किती होतं याचा एक पुरावा मुंबईचाच आहे. टाटा मेमोरिअलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासत. मॅमोग्राफी नाही. २०२१ च्या अहवालात गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या, आणि पन्नाशीवरच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीखाली फायदा दिसला नाही. एकूण आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, यावरून तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण मॅमोग्राफीची व्हॅन येईल म्हणून थांबलेल्या गावाने हा अभ्यास नीट वाचावा. शिकलेला हात आजही कामाचा आहे.

पवन मावळाला प्रत्येक गावात एमआरआय नको आहे. रात्री चालू असलेलं ईसीजी यंत्र, फ्रीजमध्ये टेनेक्टेप्लेज, ते द्यायला शिकलेला डॉक्टर आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला जागा असलेला तज्ज्ञ हवा आहे. ही मागणी तिकोणा पेठेच्या ग्रामसभेत जितकी झाली पाहिजे तितकीच धरणाकाठी शनिवारी तंबू ठोकणाऱ्या पुण्या-मुंबईकरांनीही केली पाहिजे, कारण रात्री दोन वाजता त्यांच्या छातीत कळ आली तर त्यांच्यासाठीही तीच रुग्णवाहिका आणि तोच रस्ता आहे. तोवर वाचकांना एवढंच सांगतो: कळ आणि घाम एकत्र आले तर सोड्याची वाट पाहू नका, १०८ लावा, आणि मोठ्या रुग्णालयाच्या आधी जिथे ईसीजी निघेल अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी थांबा. आणि कंबर दुखते म्हणून कुणी पहिल्याच भेटीत एमआरआय लिहून दिला, तर या चित्राने माझ्या उपचारात काय बदलणार आहे, हे विचारल्याशिवाय उठू नका.